कढीपत्ता, चांदी आणि आमची लॅब

गेल्या महिन्यात प्रसादच्या मुलाचं बारसं होतं, मुलुंडला. पुढे बायका पाळणा म्हणत होत्या आणि मागच्या रांगेत मी आणि अस्मिता तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. कारण काय, तर कोणीतरी ढोकळ्याची प्लेट आणून दिली आणि तिच्यावर कढीपत्ता होता! तेवढ्यात खुद्द बाळाचा बाप आला, त्याने प्लेटकडे बघितलं आणि तोही सुरू झाला. माझा नवरा वैतागून म्हणाला, "तुम्ही लोक त्या लॅबमध्ये संशोधन नक्की कधी करायचात?"

प्रश्न वाजवी आहे. पण त्याचं काय होतं, प्रयोगाच्या वहीत फक्त रिडिंग लिहायची असतात. बाकीचं सगळं आमच्या तोंडात राहिलं आणि दर भेटीला थोडं थोडं वाढत गेलं.

आमची लॅब घाटकोपरच्या एका कॉलेजात, चौथ्या मजल्यावर. काम सांगायला अगदी सोपं. पाला उकळायचा, त्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात घालायचा. मग त्यात चांदीचे इतके बारीक कण तयार होतात की पाणी पिवळंधमक दिसायला लागतं. या पिवळ्या पाण्यात कागद बुडवून वाळवला की झाली पट्टी. ती पट्टी नळाच्या पाण्यात घालायची. पिवळी राहिली तर ठीक, पांढरी पडली तर पाण्यात पारा! पाच ओळींत सांगून झालं. करायला पाच वर्षं लागली.

ही पट्टी अस्मिताची, म्हणजे तिच्या पीएचडीची. अस्मिता मानखुर्दची, लॅबमध्ये सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात जास्त चिडणारी. प्रसाद तिचा ज्युनियर, मी प्रोजेक्ट असिस्टंट, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर सबनीस मॅडम. मॅडम मे महिन्यात रिटायर होणार होत्या. त्याआधी अस्मिताचा व्हायवा झाला नाही तर नवे गाइड, नवा विषय, सगळं पहिल्यापासून. आणि तिच्या आईने वस्तीत आधीच सांगून ठेवलेलं, माझी मुलगी डॉक्टर होतेय. लोक ताप आला की गोळी विचारायला घरी यायचे!

*

सुरुवात कढीपत्त्यापासूनच झाली. पेपर छापायला पाठवला तर तिकडून उत्तर आलं, 'वापरलेली वनस्पती कढीपत्ताच आहे, याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडा.'

स्टेशनबाहेर बसणाऱ्या ज्या मावशी आम्हाला रोज कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट द्यायच्या, त्यांचं प्रमाणपत्र चालण्यासारखं नव्हतं. म्हणून अस्मिता दोन जुड्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर बॉटनीच्या कर्णिक सरांकडे गेली. सरांनी भिंगातून पान बघितलं, वास घेतला, चावून बघितलं आणि म्हणाले, "नुसत्या पानावरून सांगता येणार नाही. फूल आणा. फळ आणा."

कढीपत्त्याला फूल येतं हे मला त्या दिवशी कळलं! मग शोध सुरू. प्रसादच्या आत्याच्या सोसायटीत झाड होतं, पण सेक्रेटरी म्हणाले, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या, कमिटीत ठेवतो. कमिटीत ठेवला. एका मेंबरने विरोध केला. फळ धरेपर्यंत थांबलो. एवढं सगळं होऊन प्रसाद फूल, फळ, फांदी घेऊन कर्णिक सरांसमोर उभा राहिला.

सरांनी अर्धा तास तपासलं. जाडजूड पुस्तक काढलं, चित्राशी ताडून बघितलं. मग सुंदर अक्षरात लॅटिन नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि उरलेल्या दोन फांद्या हळूच स्वतःकडे ओढून घेतल्या.

"हर्बेरियममध्ये वाळवून ठेवायला का, सर?" प्रसादने आदराने विचारलं.

"नाही रे, आज घरी कढी आहे."

*

सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की आधी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बोट काळं! साबण, लिंबू, खोबरेल, काही करा, कातडी निघेपर्यंत डाग जात नाही. मॅडम रोज ओरडायच्या, "ग्लोव्हज घाला!" आम्ही रोज हो म्हणायचो.

निवडणूक आली. मी बोरिवलीच्या आमच्या केंद्रावर ऐटीत रांगेत उभी राहिले. आत टेबलावरच्या बाईंनी यादीत नाव बघितलं आणि म्हणाल्या, "डावा हात पुढे करा."

मी हात पुढे केला. बाई हाताकडे बघतच राहिल्या. चार बोटं काळी.

"हे काय?"

"मॅडम, मी केमिस्ट्रीची आहे."

"दुसरा हात दाखवा."

तो तर जास्त काळा! मागचे काका ओरडले, "अहो बाई, आम्हाला एकसुद्धा मत देता येत नाही उन्हात, आणि तुम्ही नऊ देऊन आलात?"

पाठीमागची सगळी रांग हसायला लागली. पोलिंग एजंट उठून उभे राहिले. मला घाम फुटला. शेवटी केंद्राचे मुख्य अधिकारी आले. चष्मा वर करून त्यांनी माझी बोटं एकेक करून तपासली. नशीब माझं, ते शाळेत विज्ञान शिकवणारे निघाले.

"सिल्व्हर नायट्रेट का?" त्यांनी विचारलं.

मला रडूच यायचं बाकी होतं. "हो सर!"

"सोडा त्यांना. आपल्या शाईतही तेच असतं." मग ते पुन्हा माझ्या हाताकडे वळले आणि गंभीर झाले. आता शाई लावायची कुठे? दोन मिनिटं शोधून त्यांना एक करंगळी त्यातल्या त्यात गोरी सापडली. शाई लावता लावता म्हणाले, "बाळ, एक तरी बोट स्वच्छ ठेवत जा लोकशाहीसाठी!"

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "मी तिथे असते तर मत देऊच दिलं नसतं."

*

प्रसादचा विषय सोन्याचा. चांदीचे कण पिवळे दिसतात, सोन्याचे मात्र लाल. प्रसाद जांभळाच्या पाल्याने सोन्याचे कण करायला बघत होता आणि दोन महिने ते पाणी काही लाल होत नव्हतं. मॅडम त्याला सोन्याचा क्षार अशा हाताने द्यायच्या की जसा काही स्वतःच्या मंगळसूत्राचा मणी काढून देतायत.

एका सकाळी प्रसादने फ्रीज उघडला आणि किंचाळला. आत शंकूच्या आकाराचा फ्लास्क, तोंडाला फॉइल, आणि पाणी लालबुंद! रात्रभरात रंग आला!

आम्ही सगळे धावलो. प्रसादने थोडं पाणी रंग मोजायच्या मशीनमध्ये ठेवलं. सोन्याच्या बारीक कणांचा उंचवटा आलेखावर पाचशेवीस नॅनोमीटरच्या आसपास यायला हवा. बरोब्बर तिथेच आला! प्रसादने मला मिठी मारली, अस्मिताला मिठी मारली, फ्रीजलाही मारली असती. मी खाली पळत जाऊन मॅडमना लेक्चरमधून बाहेर काढलं. मॅडमनी आलेख बघितला, चष्मा काढला, डोळे पुसले. "प्रसाद, पेपर लिहायला घे. आजच!"

तेवढ्यात तावडे काका आत आले. तावडे काका आमचे लॅब अटेंडंट, मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं याच लॅबमध्ये. त्यांनी फ्रीज उघडला, वाकून बघितलं, बंद केला, पुन्हा उघडला.

"माझां सरबत खंय गेलां?"

प्रसादच्या हातात फ्लास्क तसाच.

"कोकमाचां! बाटलेचां बूच मोडलां म्हणान काल तेच्यात ओतून ठेवलंय. नवो फ्लास्क होतो, माका काय वायट दिसलो नाय."

मॅडमनी प्रसादच्या हातातून फ्लास्क घेतला, नाकाजवळ नेला आणि मान खाली घालून खुर्चीत बसल्या. कोकमाचा रंगही मशीनमध्ये नेमका तिथेच दिसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लॅबच्या फ्रीजमध्ये खायचं-प्यायचं ठेवलं म्हणून काका खरं तर मार खायचे होते, पण मॅडमनी नुसती आलेखाची घडी करून कचऱ्यात टाकली.

काका मात्र मशीनकडे कौतुकाने बघत होते. "मॅडम, तेच्यात जिरां पण आसा. तां दिसलां काय?"

*

अस्मिताला पट्टी तपासायला खऱ्या नळांचं पाणी हवं होतं. ती म्हणाली, लांब कशाला जायचं? एका रविवारी तिने स्वतःच्याच वस्तीत दारोदार फिरून काही घरांतून एक एक बाटली पाणी आणलं. बाटलीवर खोली नंबर घातला आणि सोमवारी लॅबमध्ये घेऊन आली.

मंगळवारी सकाळी तिच्या दारात रांग.

"अस्मिता, निकाल लागला का गं?"

"कसला निकाल, मावशी?"

"आमच्या पाण्याचा! पास की नापास?"

तिने समजावून सांगितलं, असं पास-नापास नसतं, अजून काम चालू आहे. कोणी ऐकेना. ज्यांची घरं तिने घेतली नव्हती ते रुसले. एक आजी दोन बाटल्या घेऊन आल्या, एक सकाळच्या पाण्याची आणि एक संध्याकाळच्या. म्हणाल्या, "जी चांगली येईल ती माझी समज."

शेवटी पट्ट्या पिवळ्या राहिल्या, म्हणजे पारा नाही. अस्मिताने सुटकेचा श्वास टाकला आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, "सगळ्यांचं पाणी ठीक आहे. पारा कुणाच्याच पाण्यात नाही."

कोणालाच आनंद झाला नाही. सगळे पास म्हटल्यावर मजा काय राहिली! समोरच्या खोलीतल्या वहिनी दाराआडून हळूच म्हणाल्या, "अगं, सगळ्यांचं राहू दे. शेजारणीपेक्षा माझं चांगलं आहे का, तेवढंच सांग."

*

आणि मग जानेवारीत रंग यायचा बंद झाला.

तेच पान, तेच सिल्व्हर नायट्रेट, तेच माप. पूर्वी अर्ध्या तासात पिवळं व्हायचं ते पाणी दुपारपर्यंत तसंच, नितळ. कधी फिकट यायचं, कधी नाही. मे महिन्याला चार महिने उरलेले. व्हायवात 'पुन्हा करून दाखवा' म्हटलं आणि रंग आला नाही तर वाट लागली! अस्मिता डबा न उघडताच परत न्यायला लागली. एक दिवस बेसिनपाशी उभी राहून बीकर धुता धुता रडायला लागली. "पाच वर्षं गं, मेघना. आईला काय सांगू?" मी दुसरा बीकर धुवायला घेतला.

प्रत्येकाची थिअरी वेगळी. प्रसाद म्हणाला, मावशींनी कढीपत्त्याचा माल बदललाय. मी म्हटलं, थंडी. काका म्हणाले, नजर लागली.

मॅडम दोन दिवस नुसत्या टेबलापाशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. समोरची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर चढत होता. हिरवी जाळी, वर क्रेन. मॅडमनी अस्मिताच्या वहीतल्या तारखा काढल्या आणि हिशोब लावला. टॉवर आमच्या खिडकीच्या वर गेला तेव्हापासून रंगाला उशीर व्हायला लागला होता! आमचं टेबल खिडकीतलं. पाच वर्षं अस्मिता खिडकीतल्या उन्हात पाणी पिवळं करत होती आणि वहीत ऊन कोणी लिहिलंच नव्हतं.

अस्मिता बीकर घेऊन सरळ गच्चीवर पळाली. दहा मिनिटांत पिवळंधमक! ती गच्चीवरून ओरडली ते तळमजल्यावर ऑफिसात ऐकू गेलं. नंतरचा महिनाभर आम्ही डोक्यावर छत्री धरून गच्चीवर बसायचो, बीकर उन्हात आणि आम्ही सावलीत. मॅडमनी थिसिसमध्ये उन्हाचं वेगळं प्रकरण घालायला लावलं.

पण मॅडम तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या समोरच्या साइट ऑफिसात गेल्या, मला सोबत घेऊन. एसीत बसलेला टायवाला सेल्समन टुणकन उठला. पाणी आणलं, ब्रोशर उघडलं.

"किती मजले होणार आहेत?" मॅडमनी विचारलं.

"बावीस, मॅडम! व्ह्यू एकदम झकास."

"मला व्ह्यू नकोय. ऊन हवंय."

त्याने एक सेकंदही न घालवता ब्रोशरचं पान उलटलं. "मग एकोणिसाव्याच्या वरचंच बघा!"

*

व्हायवा शेवटी झाला, मॅडमच्या रिटायरमेंटच्या तीन आठवडे आधी. बाहेरगावहून आलेले परीक्षक कडक होते. चहा नको म्हणाले, बिस्किट नको म्हणाले. पाणीसुद्धा आपल्या थर्मासमधलं प्यायले. हॉलमध्ये आम्ही वीसेक माणसं. अस्मिताची आई शेवटच्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून, हात मांडीवर घट्ट धरून बसलेली.

अस्मिता छान बोलली. परीक्षकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पारा मोजायला मोठी मशीन आहेत. मग ही पट्टी कशाला?"

तिने उत्तर दिलं, पण घाबरत, अडखळत. त्यांनी मान हलवली. "बरं, करून दाखवा." टेबलावर सगळ्यांसाठी ठेवलेल्या जगमधलं पाणी त्यांनी ग्लासात ओतलं. "हे तुमच्या फिल्टरचं स्वच्छ पाणी. पट्टी पिवळी राहिली पाहिजे."

अस्मिताने पट्टी बुडवली.

पट्टी पांढरीफटक!

मॅडमनी हातातला अर्धा प्यालेला ग्लास सावकाश खाली ठेवला. प्रसादला ठसका लागला. मी तर दोन ग्लास प्यायले होते.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "म्हणजे एक तर तुम्ही सगळे पारा प्यायलात, नाहीतर थिसिस चुकलाय. यातलं कुठलं?"

अस्मिताचा चेहरा पट्टीपेक्षा पांढरा झाला होता. तिने पट्टी उजेडात धरली, ग्लास धरला, आणि मग एकदम तिचा नेहमीचा चिडका आवाज परत आला. "दोन्ही नाही, सर. पाण्यात क्लोरीन जास्त आहे. क्लोरीननेही रंग उडतो, ते मी पाचव्या प्रकरणात लिहिलंय." तिने आपल्या सामानातलं चिमूटभर व्हिटॅमिन सी ग्लासात टाकलं. "याने क्लोरीन मरतो. पारा असेल तर तो राहील." ढवळून तिने नवी पट्टी बुडवली. पट्टी पिवळीच राहिली.

"पण फिल्टरच्या पाण्यात क्लोरीन येईल कुठून?" परीक्षकांनी भुवया वर केल्या. "आयत्या वेळची सबब तर नाही ना ही?"

तिने पाण्याचा जग उचलून आत बघितलं. मग मॅडमकडे बघितलं. मॅडमनी जग आपल्याकडे ओढला.

तेव्हा दारापाशी तावडे काका उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "सायबानु, मी घातलंय. मोठे पावणे येतले, पाणी बाधूक नको, म्हणान क्लोरीनचे थेंब घातलंय."

"किती?"

"बाटलेर लिटराक दोन लिवले होते," काका म्हणाले. "पण माणसां इतकी! मी माणशी एक घातलंय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अस्मिताची आई बोलली, "वास मला दारातच आला होता, साहेब. पण म्हटलं, पीएचडीचं पाणी असंच असेल!"

सगळा हॉल फुटला. आम्हा लॅबवाल्यांना नाकं उरलीच नव्हती, आम्हाला कुठला वास येणार! परीक्षकही हसले, पहिल्यांदाच. "तुम्हाला नुसत्या वासाने कळलं?"

"इतकी वर्षं नळावरच गेली, साहेब."

परीक्षक अस्मिताकडे वळले आणि हसू आवरून पुन्हा तोच प्रश्न विचारला. "ऐकलंत? आईला वासाने कळतं. मग तुमची पट्टी कशाला?"

अस्मिता या वेळी अडखळली नाही.

"क्लोरीनचा वास येतो, सर. पाऱ्याचा येत नाही."

परीक्षकांनी आपला थर्मास उचलला, झाकण फिरवून काढलं आणि तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"डॉक्टर अस्मिता, हे माझ्या घरचं पाणी आहे. एक पट्टी यात घाला."